आभाळातलं नाव, माळ्यावरचे डबे

सेलूला आमचं भांड्यांचं दुकान आहे. बाबांचं निम्मं काम भांडी विकण्याचं आणि निम्मं त्यांच्यावर नावं टाकण्याचं. जाड पेनासारखं एक मशीन असतं, त्याला वायर असते, आणि टोकाची सुई थरथरत स्टीलवर बारीक बारीक ठिपके मारत जाते. ठिपक्यांची अक्षरं होतात. लग्नाचं आंदण, बारशाच्या वाट्या, वास्तूची ताटं, सगळ्यांवर नाव लागतं. आणि माणूस गेला की तेरवीला किंवा वर्षश्राद्धाला भांडी वाटतात, त्यांच्यावरही लागतं. तेव्हा नावाच्या आधी 'स्व.' येतं आणि नंतर 'यांच्या स्मरणार्थ'. आमच्या भागात कुणाच्याही स्वयंपाकघरात जा, साखरेच्या डब्यावर कुणाचे तरी आजोबा असतात आणि पोह्यांच्या ताटलीवर कुणाची तरी मावशी. लहानपणी मला वाटायचं, माणसं मेल्यावर त्यांची भांडी होतात.

माझा मोठा भाऊ गेला त्याला काही वर्षं झाली. पावसाळा संपता संपता त्याला ताप आला, तो मेंदूत गेला, आणि थोड्याच दिवसांत दादा नव्हता. त्याच्या तेरवीला भांडी वाटली गेली नाहीत. गावातल्या प्रत्येक घरातल्या मेलेल्या माणसाचं नाव बाबांच्या हातचं होतं, आणि आमच्या घरचं नव्हतं. त्या वेळी कुणी काही म्हटलं नाही. लोकांना समजत होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी आईने डबे निवडले. बसके, तळहातावर मावतील एवढे, झाकणाला कडी असलेले. "यात मीठ राह्यते, जिरं राह्यते," ती म्हणाली. "रोज हात लागते." बाबांनी तिच्यासमोर त्या डब्यांचे खोके वेगळे काढले आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवून दिले. श्राद्धाचा दिवस जवळ आला तेव्हा त्यांनी मशीनची सुई गेल्याचं सांगितलं. त्याच दुपारी आई त्यांचा चहा घेऊन दुकानात गेली तर ते कुणाच्या तरी बारशाच्या वाट्यांवर नाव टाकत बसले होते. आईने चहा ठेवला आणि ती परत आली. पुढच्या वर्षी मालाची गडबड होती. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी कारणही दिलं नाही. आई श्राद्धाच्या आधी एकदा विचारायची, "अजी, डबे?" बाबा म्हणायचे, "करू." खोके माळ्यावरच होते.

दुकान चालवणारा माणूस वाचत असेल असं बाबांकडे पाहून वाटत नाही. पण तरुणपणी ते वर्ध्याला गेले असताना तिथे रशियन पुस्तकांची गाडी आली होती. मराठीत केलेली पुस्तकं, कागद जाड आणि किंमत अगदी थोडी. त्यांनी एक गोष्टींचं पुस्तक घेतलं, ते गल्ल्याखालच्या कप्प्यात आजही आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते त्यातली एखादी गोष्ट काढून वाचतात. एकच पुस्तक, पुन्हा पुन्हा. तो लेखक जगभर मोठा मानला जातो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत जात होते आणि आठवीत की नववीत आमच्या पुस्तकात त्याची एक गोष्ट आली. मी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हंजे हा तुमच्याकडंही हाये?" त्यांच्या आवाजात थोडी नाराजी होती. आपल्याला एकट्यालाच सापडलेल्या माणसाचा पत्ता सगळ्यांना लागलेला पाहून होते तशी.

त्या गोष्टी मी इंग्रजीत वाचल्या. बाबांच्या पुस्तकातलं मराठी मला जड जायचं, एका ओळीवर मी दोनदा अडायचे. दादा त्यावरून मला चिडवायचा. "इंग्लिश मिडियमवाली आली, दुकानाची पाटी वाचून दाखव," म्हणायचा. स्वतः त्याने आयुष्यात एकही पुस्तक पूर्ण केलं नसेल. बाबांनी आणि मी एकाच माणसाच्या गोष्टी वेगवेगळ्या भाषांत वाचल्या आणि त्यांच्याबद्दल कधी बोललो नाही. आमच्यात बोलणं असतं ते 'जेवली का', 'बस कधीची' आणि 'पंखा बंद कर' एवढंच. मी कमी बोलते, आणि बाबाही.

आता मी वर्ध्याला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. सिंदी मेघेला खोली घेऊन एका मैत्रिणीसोबत राहते. मागच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या कॉलेजने लघुग्रह शोधण्याच्या एका उपक्रमात भाग घेतला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात असंख्य दगड सूर्याभोवती फिरत असतात. कुठल्यातरी दूरच्या दुर्बिणीने आभाळाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो आम्हाला मिळायचे. ते एकामागून एक झरझर पाहायचे. तारे जागच्या जागी राहतात आणि एखादा ठिपका पुढे सरकतो. तो सरकणारा ठिपका म्हणजे दगड असण्याची शक्यता. आधीच माहीत असलेल्या दगडांवर सॉफ्टवेअर स्वतःच खूण करतं आणि बाजूला नंबर किंवा नाव दाखवतं. ज्याच्यावर खूण नाही पण जो हलतो, तो कळवायचा.

मला हे काम आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

एका दुपारी अशाच चार फोटोंमध्ये एका ठिपक्याभोवती हिरवं वर्तुळ होतं आणि शेजारी बाबांच्या लेखकाचं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं. मग शोधून पाहिलं. खरंच त्याच्या नावाचा लघुग्रह होता, मुख्य पट्ट्यातला, त्याच्याच देशातल्या एका खगोलशास्त्रज्ञ बाईंना सापडलेला. माझ्या मैत्रिणीला मी काही सांगितलं नाही. शनिवारी लॅपटॉप घेऊन मी सेलूच्या बसमध्ये बसले.

दुकानात दुपारची सामसूम होती. बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं होतं. मी काउंटरवरच्या पराती बाजूला सारल्या आणि लॅपटॉप ठेवला.

"हे काय हाये?"

"आभाळाचा फोटो आहे बाबा. एकाच जागेचे चार आहेत."

"मोहरी सांडल्यावानी दिसते."

मी फोटो एकामागून एक फिरवायला लागले. "आता बघा. एक ठिपका हलतो."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे पडद्याच्या अगदी जवळ नेले. बराच वेळ त्यांना काही दिसलं नाही. मग ते म्हणाले, "हालून राह्यला." आणि थोड्या वेळाने, "बाकीचे काऊन नाई हालत?"

"ते तारे आहेत. हा आपल्या जवळ आहे म्हणून हललेला दिसतो."

"जवळ म्हंजे?"

"मंगळाच्या पलीकडे."

"जवळच हाये मंग," बाबा म्हणाले आणि हसले. ते हसलेले मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

मी खूण दाखवली. इंग्रजी अक्षरं त्यांना येतात, कुकरच्या आणि स्टोव्हच्या कंपन्यांमुळे आलेली. त्यांनी एकेक अक्षर बोटाने लावत वाचलं आणि मध्येच थांबले. मग त्यांनी ते नाव पूर्ण उच्चारलं, त्यांच्या पुस्तकात मराठीत जसं छापलं आहे तसं.

"त्याचंच?"

"त्याचंच."

"कोनं टाकलं?"

नाव ठेवणं किंवा देणं हे शब्द आमच्या दुकानात चालत नाहीत. नाव टाकतात. मी त्यांना सांगितलं की एका बाईंना हा दगड सापडला, ज्याला सापडतो त्याला नाव सुचवता येतं, आणि मग एक समिती ते मान्य करते.

"त्याच्या घरच्यायनं मागतलं असन."

"नाही बाबा. तो जाऊन खूप वर्षं झाली होती."

"मंग देनगी देल्ली असन कोनी."

"तसं विकत मिळत नाही ते."

हे त्यांना खरं वाटलं नाही. त्यांनी देवळाच्या पायऱ्या पाहिल्या होत्या, पाणपोया पाहिल्या होत्या, शाळेतले पंखे पाहिले होते. नाव जिथे लागतं तिथे कुणीतरी ते लावून घेतलेलं असतं, एवढा त्यांचा अनुभव होता. ते परत वाकून पाहायला लागले.

"आंधी काही लावलं नाई," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"नावाच्या आंधी. स्वर्गीय वगैरे."

"नाही. तिथे तसं लावत नाहीत. नुसतं नाव असतं."

बाबांनी मान हलवली. बाहेर कुणीतरी शटरवर हात मारला, कढई पाहिजे होती. बाबांनी शटर वर केलं, कढया काढून दाखवल्या, भाव केला. गिऱ्हाईक गेल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "पुन्हा दाखव." मी पुन्हा दाखवलं. ते हलणाऱ्या ठिपक्याकडे पाहत राहिले आणि मी त्यांच्याकडे. त्यांच्या मनात काय चाललं आहे हे मला त्याच वेळी समजलं होतं. मी लॅपटॉप बंद केला आणि घरी गेले.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायला लागला. पूर्वी फोन आईचा असायचा. "काही हाललं का?" ते विचारायचे. मी म्हणायचे, हललं, पण ते माहीत असलेले होते. "बरं. पाह्य," असं म्हणून ते फोन ठेवायचे.

आणि मग एका संचात खूण नसलेला एक ठिपका आम्हाला दिसला. चारही फोटोंत होता, सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकत होता. आमच्या सरांनी तपासला आणि आम्ही तो कळवला. रविवारी बाबांनी विचारलं तेव्हा मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं की आता उपक्रमातले शास्त्रज्ञ तपासतील, नवा निघाला तरी त्याची कक्षा पक्की व्हायला वर्षं लागतील, आणि नावाची गोष्ट तर त्याच्याही नंतरची. बाबा 'हो, हो' म्हणत होते. त्यांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

पुढच्या वेळी सेलूच्या स्टँडवर उतरले तर आमच्या शेजारच्या कापड दुकानातल्या काकूंनी मला गाठलं. "का वो बाई, आभायात प्लॉट घेतला म्हनते तुमी? आमच्याले बी सांगजो, जागा असन तर." आजूबाजूचे दोघंतिघं हसले. मी 'नाही हो काकू' म्हणून खाली मान घालून चालायला लागले. काकू वाईट नव्हत्या. दादाच्या वेळी आमच्या घरी रोज डबा त्यांच्याकडून येत होता.

त्या रात्री जेवताना आई म्हणाली, "यंदा डबे करून टाका. तिथी जवळ यायच्या आंधी."

"यंदा डब्याचं काम नाई," बाबा म्हणाले.

"काऊन?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाढून घ्यायचं निमित्त करून भाताच्या भांड्यात पाहायला लागले.

"नाव तिकडं राहीन त्याचं. वरतं. घासल्यानं पुसल्या जात नाई, कोनी मोडीत देत नाई. डब्याचं काय, मी रोज पाहून राह्यलो. लोकं नवीन डबा घेतात अन् जुना मोडीत देतात. नाव असलेलाच देतात. माया हाताचं नाव मायाच तराजूत येते."

आई जेवायची थांबली. "वरतं कोन हाये वाचाले?"

बाबा भात कालवत राहिले.

"मले सांगा ना. वरतं मीठ कोन ठेवते? एखादी बाई सकाळी उठन, चहात साखर टाकन, तिची नजर पडन. मनात म्हनन, हे त्या भांडेवाल्याचं पोरगं. मले तेवढंच पायजे. आभाय नाई पायजे."

"दहा वर्सांत पुसल्या जाईन ते."

"दहा वर्सं तर राहीन," आई म्हणाली.

मला दोघांचंही पटत होतं. 'स्व.' हा शब्द त्या जेवणात कुणाच्याही तोंडी आला नाही. बाबांची अडचण तिथे होती हे आईला माहीत होतं. त्यांना मुलाचं नाव लिहायचं नव्हतं असं नव्हतं. दादाचं नाव ते कुठेही लिहू शकले असते. त्याच्या शाळेच्या डब्यावर त्यांनीच टाकलं होतं. त्याच्या आधी ती जी दीड अक्षरं लिहावी लागतात, त्यांच्यापाशी त्यांचा हात थांबत होता. जिथे ती लिहावी लागत नाहीत अशी एक जागा मी त्यांना दाखवली होती.

मग लग्नसराई आली. मी परीक्षेत होते, घरी जाणं झालं नाही. एक दिवस भर दुपारी आईचा फोन आला. दुपारी ती कधी फोन करत नाही.

"माळा रिकामा हाये," ती म्हणाली.

"कुठला माळा?"

"दुकानातला. खराटा काहाडाले चढली होती मी."

मला समजायला वेळ लागला. तिने एकेक करून सांगितलं. अल्लीपूरची लग्नाची मंडळी आली होती. त्यांना वाटायला असेच बसके, कडीचे डबे पाहिजे होते आणि दुकानात तेवढे नव्हते. बाबांनी माळ्यावरचे खोके काढून दिले. दिवसभर बसून त्यांच्यावर नवरानवरीची नावं टाकली आणि तारीख. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. आईला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. धुळीत खोक्यांचे चौकोन उरले होते, ते तिला दिसले, आणि बाकीचं शेजारच्या काकूंनी सांगितलं.

"बाबांना विचारलं का तू?"

"काय विचारू?" पलीकडे कुणाच्या तरी घरचा मिक्सर चालू होता. तिने तो थांबू दिला. मग म्हणाली, "तुयं ते कधी पक्कं होते?"

"अजून काही कळलं नाही आई."

"कळलं की सांगजो."

एवढी वर्षं ती डब्यांसाठी भांडली होती. ते गेले म्हटल्यावर तीही त्या ठिपक्याची वाट पाहायला लागली. आमच्या घरातली दोन माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आली होती आणि ती जागा माझ्या लॅपटॉपमध्ये होती. त्या दिवसांत मी सकाळी उठले की आधी मेल पाहायचे. काही आलं नसेल तर बरं वाटायचं.

पावसाळ्यात उत्तर आलं. मी कॉलेजच्या जिन्यात उभी होते. आमचा ठिपका खरा होता, आम्ही मोजमाप नीट केलं होतं, पण तो नवा नव्हता. कित्येक वर्षांपूर्वीच तो दुसऱ्या कुणाला तरी सापडला होता. आमच्याकडची यादी थोडी जुनी होती म्हणून सॉफ्टवेअरने त्याच्यावर खूण केली नव्हती. खाली आमच्या सहभागाबद्दल आभार मानले होते. माझी मैत्रीण म्हणाली, "जाऊ दे, पुढच्या वेळी." मी हो म्हटलं आणि स्टँडकडे निघाले. हे फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं.

बाबा काउंटरच्या मागे पेल्यांची चळत लावत होते. मला अवेळी पाहून त्यांनी हातातला पेला खाली ठेवला.

"तो ठिपका नवा नाही बाबा," मी म्हटलं. "आधीच कुणाला तरी सापडलेला होता."

"तुयी चूक तर नाई झाली काही?"

"नाही. चूक नाही झाली. तो फक्त आधीच सापडलेला होता."

"म्हंजे दुसऱ्याचा माल."

"हो."

त्यांनी पेला उचलून चळतीवर ठेवला. मग दुसरा. "त्यायनं काय नाव टाकलं मंग त्याच्यावर?"

"नाव नाही. नुसता नंबर आहे. बहुतेकांना नुसता नंबरच असतो."

त्यांचा हात थांबला. "मंग रिकामाच हाये ना तो."

मांडणीवर एखादं कोरं भांडं दिसावं तसा तो दगड त्यांना दिसत होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कोणी घेतलेला नाही, नाव नाही, तर मागून घ्यायला काय हरकत आहे. मी सांगितलं, "तो त्यांचा आहे बाबा. आपल्याला मागता येत नाही."

"विचारून पाह्यलं तर?"

"नाही."

बाहेर पाऊस नव्हता पण ढग होते आणि दुकानात अंधारून आलं होतं. बाबांनी दिवा लावला. उरलेले पेले लावून झाले. मग त्यांनी विचारलं, "तो हाये ना पन? आपलावाला?"

लेखकाचा दगड ते विचारत होते. मी म्हटलं, आहे.

"त्याचं नाव तर कोनी काहाडत नाई?"

"नाही. ते कायम आहे."

"हं," बाबा म्हणाले. खुंटीवरची टोपी घेऊन त्यांनी डोक्यावर ठेवली. "तुया आईले मी सांगतो. तू नको सांगू."

घरी आई भाजी निवडत होती. बाबा दारातच उभे राहिले आणि मी त्यांच्या मागे अंगणात. त्यांनी एवढंच सांगितलं की ते जमलं नाही. माळ्याबद्दल ते काहीतरी बोलायला लागले होते, पण आईने मध्येच विचारलं, "दुसरे कधी आनता?"

"उद्या जातो नागपूरले."

"कडीवाले आनजा."

कडीवाले मिळाले नाहीत. त्या मापाचे डबे कंपनीने बनवणं बंद केलं होतं. बाबा संध्याकाळपर्यंत घाऊक बाजारात फिरले आणि थोडे मोठे, साध्या झाकणाचे घेऊन आले. आईने एक डबा हातात घेऊन उलटा केला, झाकण काढून घातलं, पुन्हा काढलं. "चालते," ती म्हणाली. तिला ते आवडले नव्हते.

श्राद्धाच्या आठवड्यात मी सुट्टी घेऊन आले. ज्या दिवशी नावं टाकायची होती त्या सकाळी आई स्वयंपाक उरकून बाबांबरोबरच दुकानात आली. ती दुकानात कधी बसत नाही. गिऱ्हाइकांसाठीच्या स्टुलावर ती पाय जवळ घेऊन बसली. मी काउंटरच्या कडेला फडकं घेऊन उभी राहिले, स्टीलचा बारीक कीस पुसायला.

बाबांनी पहिला डबा मांडीवर घेतला, पेन्सिलीने ओळ आखली आणि मशीन सुरू केलं. त्यांनी आधी दादाचं नाव टाकलं. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या वळणाने. आडनाव टाकलं. 'यांच्या स्मरणार्थ' टाकलं. नावाच्या आधी बोटभर जागा त्यांनी मोकळी सोडली होती. तिथे सुई आणून त्यांनी मशीन बंद केलं.

तेवढ्यात एकजण कुकरची शिट्टी मागायला आला. बाबा उठले, ड्रॉवरमधून दोनतीन शिट्ट्या काढल्या, त्याच्या जुन्या शिट्टीशी ताडून पाहिल्या, बरोबर बसेल ती दिली. "रबर बी पाह्यजो, कडक झालं असन," असंही सांगितलं. तो माणूस गेला तरी ते उभेच होते. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि मांडणीवरची भांडी थोडा वेळ खणखणत राहिली.

मग ते खाली बसले. डबा मांडीवर नीट धरला. मशीनचा आवाज अगदी थोडा वेळ झाला.

नावं टाकण्याची दुकानात एक रीत आहे. पहिलं भांडं झालं की ते गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि नाव मोठ्याने वाचून विचारायचं, बरोबर आहे का. गिऱ्हाईक हो म्हटल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. इतक्या वर्षांची सवय होती, म्हणून बाबांनी डब्यावर फुंकर मारली, तो वळवला आणि समोरच्या स्टुलाकडे धरला. वाचण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. डबा तसाच पुढे धरलेला राहिला.

आईने तो दोन्ही हातांनी घेतला. पदराने पुसला, दाराच्या उजेडाकडे नेला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात वाचला. तिचे ओठ हलत होते.

"बराबर हाये," ती म्हणाली आणि त्यांच्याकडे दुसरा डबा सरकवला. "पुढचा घ्या."